फोटो मोठा करायला देताय? मूळ फाईलच आणा

वडिलांच्या वर्षश्राद्धाला १२ बाय १८ची फ्रेम हवी असते आणि हाताशी असतो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला फोटो. मोबाईलवर स्वच्छ दिसतो, छापला की फाटतो, म्हणजे धूसर आणि चौकोनी ठिपक्यांचा दिसतो. असं का होतं, हे आमच्या ग्राहकांना नीट कळावं म्हणून हे पत्रक.

संगणक फोटो आकड्यांत साठवतो. चित्राचे बारीक चौकोन पडतात, तेच पिक्सेल. एकेका पिक्सेलला तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक ० ते २५५. तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. या मिश्रणांतून १ कोटी ६७ लाखांवर रंग होतात. १९५७ साली अमेरिकेत संगणक अभियंता रसेल किर्श यांनी पहिल्यांदा फोटो स्कॅन करून संगणकात घेतला, तो १७६ बाय १७६ पिक्सेलचा होता. फोटो त्यांच्या तान्ह्या मुलाचा. घरच्या माणसाचा चेहरा जपायची ओढ तिथेही होतीच.

आता फ्रेमचा हिशोब. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. १२ बाय १८ला ३६०० बाय ५४००, म्हणजे जवळपास १ कोटी ९४ लाख. १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलचा मूळ फोटो ४००० बाय ३००० असतो. इंचाला २२२ पडतात, भिंतीवरच्या फ्रेमला ते छान चालतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो मात्र लांब बाजूला १६००च्या आसपास उरतो. इंचाला ८९. तिथेच तो फाटतो.

शिवाय जेपेग (मोबाईलचे फोटो बहुतेकदा याच प्रकारच्या फाईलमध्ये असतात) फाईल लहान करताना ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांतले बारकावे गाळले जातात. डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो, रंगातला कमी, म्हणून रंगाची माहिती आधी जाते. गेलेलं परत येत नाही. फाईल नुसती उघडून पाहिल्याने काही बिघडत नाही. एडिट करून पुन्हा सेव्ह केली, व्हॉट्सअ‍ॅपवर साधी पाठवली, की झीज वाढते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ईमेल करा, नाहीतर पेन ड्राइव्ह आणा. स्क्रीनशॉट नकोच.

‘फोटो एचडी करून द्या’ असंही बरेच जण म्हणतात. ती सॉफ्टवेअरं हरवलेले पिक्सेल अंदाजाने भरतात. गंगेवरच्या दगडी पायऱ्यांना ते खपून जाईल, पण आईच्या डोळ्यांना नाही. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आम्ही ते तुम्हाला विचारल्याशिवाय वापरत नाही.

फ्लेक्सची गोष्ट वेगळी: तो लांबून बघायचा असल्याने इंचाला ७२ पिक्सेलही पुरतात. द्राक्षपेटीच्या लेबलवरचा लोगो मात्र कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची फाईल असेल तर तीच द्या. त्यात रेषा आणि वळणं गणिताने नोंदलेली असतात. पेटीवर छापा की ट्रकवर, कड तशीच राहते.

रंगांबद्दल एक सांगायला हवं. पडदा लाल-हिरव्या-निळ्या उजेडाने रंग दाखवतो, छपाईत निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई असते. शालूचा झगझगीत राणी रंग कागदावर थोडा फिका पडतो. लग्नाच्या अल्बमआधी एक पान नमुना म्हणून छापून बघा.

जुना छापील फोटो असेल तर काचेवरून मोबाईलने काढू नका, चकाकी येते. फ्रेममधून अलगद सोडवून आणा. ४ बाय ६चा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, १२ बाय १८ला इंचाला २००. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फ्रेमसकट आणा. स्कॅन तुमच्यासमोरच होतं आणि मूळ फोटो लगेच तुमच्या हातात परत मिळतो.