मानवी तस्करी आणि तपासणीची खोली: थोडी पार्श्वभूमी

तस्करीत सापडलेल्या माणसाला कोंडून ठेवता येतं, त्याचे कागद काढून घेता येतात, पण आजारी पडण्यापासून त्याला रोखता येत नाही. हाड मोडलं, दिवस गेले, ताप उतरेना, की राबवून घेणाऱ्यालाही डॉक्टर गाठावाच लागतो. आपत्कालीन विभागातल्या परिचारिकांना आणि रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांना तस्करीच्या खुणा शिकवतात त्या यासाठीच. मात्र वैद्यकाचा या विषयाशी पहिला संबंध आला तो सोडवणाऱ्याचा नव्हता, धरपकडीचा होता.

ब्रिटनमध्ये १८६४ साली सांसर्गिक रोग कायदा झाला, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांविरुद्धचा. लष्करी छावण्या आणि बंदरांच्या गावी एखादी बाई वेश्या असल्याचा पोलिसांना नुसता संशय आला, तरी डॉक्टर तिची तपासणी करणार. नाही म्हणाली तर तुरुंग, रोग निघाला तर इस्पितळात डांबणार. हे सगळं फक्त बायकांना; त्यांच्याकडे जाणारे सैनिक मोकळे. १८६८ मध्ये हिंदुस्थानातही असाच कायदा आला. समाजसुधारक जोसेफिन बटलर यांनी १८६९ पासून ब्रिटनमधल्या कायद्याविरुद्ध रान उठवलं आणि १८८६ मध्ये तो रद्द झाला. तपासणीचं टेबल हीच शिक्षा असू शकते, हा धडा तिथला. तो पुढे बराच काळ विसरला गेला.

त्यानंतरचे तस्करीविरुद्धचे आंतरराष्ट्रीय करार पोलिसांच्या नजरेतून लिहिलेले आहेत. १९०४ च्या करारात रेल्वे स्थानकं आणि बंदरांवर पाळत ठेवण्याची तरतूद होती, आणि चिंता ‘गोऱ्या’ स्त्रियांची होती. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने, तो रंग पुसला, १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नवा करार केला. सक्तीची मजुरी आणि अवयवांची चोरी यांनाही तस्करीच्या व्याख्येत घेतलं ते २००० च्या पालेर्मो प्रोटोकॉलने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्याच पुढच्या कराराने. वैद्यकीय मदतीचा उल्लेख त्यात आहे, पण देशांनी तिचा ‘विचार करावा’ इतकाच. करारांच्या भाषेत हा शब्द फार सोयीचा असतो.

दवाखाना बदलला तो वेगळ्याच वाटेने. १९६२ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी मार खाल्लेल्या मुलांवर निबंध लिहिला. पालक म्हणतात मूल पडलं, क्ष-किरण चित्रात मात्र वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडं दिसतात. सांगितलेली हकिगत आणि शरीर जुळत नसेल तर थांबून विचार करायचा, ही सवय तिथून लागली. पुढे ती घरगुती हिंसाचाराच्या बाबतीत वापरात आली आणि मग तस्करीच्या. सोबतचा माणूसच सगळी उत्तरं देतो, रुग्णाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, जखम जुनी पण दवाखान्यात आणलंय आज. रुग्णवाहिकेवरच्या लोकांना तर याहून जास्त दिसतं, कारण ते घरात शिरतात: दाराला बाहेरून कडी, एका खोलीत डझनभर अंथरुणं.

२००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तस्करीतून गेलेल्या स्त्रियांशी कसं बोलावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुख्य सूत्र एकच: आपल्या प्रश्नामुळे तिचा धोका वाढता कामा नये. मग २०१४ मध्ये अमेरिकेतली एक पाहणी प्रसिद्ध झाली. लैंगिक तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८८ टक्के जणींनी त्या काळातच कुठल्या ना कुठल्या आरोग्यसेवकाची भेट झाल्याचं सांगितलं, आणि सुमारे ६३ टक्के जणी रुग्णालयात किंवा आपत्कालीन विभागात गेल्या होत्या. पाहणी लहान होती, शेतात किंवा कारखान्यात राबवलेले पुरुष तिच्यात नव्हते, तेव्हा हा आकडा सगळीकडे चिकटवणं बरोबर नाही. तरी वैद्यकीय वर्तुळात खळबळ माजली ती त्यानेच. इतक्या जणी समोर येऊन बसल्या आणि औषध घेऊन परत गेल्या.

यानंतर प्रशिक्षण वाढलं. सोबतच्याला बाहेर बसवून रुग्णाशी एकट्याने बोलायचं, दुभाषी आपला आणायचा, सोबतच्याला दुभाषी करायचं नाही, असे नियम आले. काही रुग्णालयांनी स्वच्छतागृहात रंगीत ठिपके ठेवले: एकटं बोलायचं असेल तर लघवीच्या नमुन्याच्या डबीवर ठिपका चिकटवायचा. दार बंद असलेली तेवढीच एक जागा.

२०१८ पासून अमेरिकेतल्या रोगनिदानाच्या संकेतांकांत तस्करीसाठी स्वतंत्र संकेतांक आहेत. नोंदच नसेल तर आकडे कुठून येणार, हे त्यामागचं कारण. पण रुग्णाची नोंद आता फोनवरही उघडते, आणि फोन बहुधा दुसऱ्याच्याच हातात असतो. म्हणून संकेतांक टाकण्याआधी रुग्णाला विचारा, असं यातले जाणकार सांगतात.