बेरियम टायटेनेट : आकार-परिणाम

बेरियम टायटेनेट या फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे धन आणि ऋण भारांची फारकत आपोआप टिकवणाऱ्या, सिरॅमिकचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचे माप) त्यातल्या स्फटिककणांच्या आकारानुसार बदलतो, त्याला आकार-परिणाम म्हणतात. स्मार्टफोनमध्ये शेकड्यांनी बसवलेले बहुस्तरीय कपॅसिटर प्रामुख्याने याच पदार्थाचे असतात. त्यांचे थर आता एक मायक्रोमीटरहूनही पातळ झाल्याने हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही.

क्युरी तापमानाच्या, म्हणजे ज्याच्या वर फेरोइलेक्ट्रिकपणा नाहीसा होतो त्या साधारण १२० °से.च्या खाली घनाकृती स्फटिक एका दिशेने सुमारे एक टक्का लांबट होतो आणि टायटॅनियमचा आयन मध्यापासून किंचित सरकतो. त्यामुळे बाहेरून विद्युत क्षेत्र न लावताही ध्रुवीकरण, म्हणजे भारांची ही फारकत, टिकते. एकाच दिशेने ध्रुवीकरण झालेल्या भागाला डोमेन म्हणतात.

कण बारीक केले की स्थिरांक घटत जाईल, असे वाटते. पण तो आधी वाढतो. भरड कणांच्या सिरॅमिकमध्ये खोलीच्या तापमानाला १,५०० ते २,००० असणारा स्थिरांक कण एक मायक्रोमीटरच्या आसपास आले की ५,०००पर्यंत चढतो. आर्ल्ट आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये याचे श्रेय ९० अंशांच्या डोमेन-भिंतींना, म्हणजे एकमेकांशी काटकोनात ध्रुवीकरण असलेल्या शेजारच्या डोमेनमधल्या सीमांना, दिले: बारीक कणांत त्या दाट होतात आणि क्षेत्र लावताच हलतात. त्याहून बारीक कणांत मात्र उतार लागतो. ५० नॅनोमीटरच्या सिरॅमिकमध्ये स्थिरांक सुमारे १,६०० भरतो आणि क्युरी तापमानाजवळ स्थिरांक जे शिखर गाठतो ते चपटे होते.

या घसरणीचा दोष स्फटिकाला देणे घाईचे ठरेल. कणांच्या सीमेवरचा आणि इलेक्ट्रोडलगतचा कमी स्थिरांकाचा थर मूळ पदार्थाशी एकसर जोडलेल्या कपॅसिटरसारखा वागतो, आणि एकसर जोडणीत लहान धारकताच वरचढ ठरते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील ग्रेग यांच्या गटाने २००४ मध्ये एकसंध स्फटिकातून आयन-झोताने ७५ नॅनोमीटर जाडीची चकती कापली. तिचे शिखर मोठ्या स्फटिकाइतकेच टोकदार निघाले! एवढ्या जाडीला फेरोइलेक्ट्रिकपणा मुळातच क्षीण होतो, या समजाला त्या मोजणीने मोठा धक्का दिला.

मूळ मर्यादा याच्या कितीतरी खाली आहे. पृष्ठभागावरचे विद्युतभार इलेक्ट्रोड पूर्णपणे झाकू शकत नाहीत, म्हणून ध्रुवीकरणाला विरोध करणारे क्षेत्र तयार होते. ते धरून हुंकेरा आणि गोसे यांनी २००३ मध्ये स्ट्रॉन्शियम रुथेनेटच्या इलेक्ट्रोडांमधील बेरियम टायटेनेटसाठी सुमारे सहा एकक-कोष (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारी सर्वांत लहान चौकट), म्हणजे २.४ नॅनोमीटर, ही किमान जाडी गणिताने काढली. उलट, योग्य आधारस्फटिकावर ताण देऊन वाढवलेल्या पातळ पापुद्र्यात क्युरी तापमान सुमारे ५०० अंशांनी वर नेता येते, हे २००४ मध्ये प्रयोगाने दिसले.