पोळ्यानंतरची विहीर आणि शहराचा कचरा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अजून झुंजूमुंजू असताना आमच्या गावची पोरं पळसाच्या फांद्या घेऊन शिवेकडे निघतात. रोगराई घेऊन जा गे मारबत, असा गलका करत जातात आणि फांद्या शिवेपलीकडे टाकून येतात. गावातली पीडा गावाबाहेर गेली, असा त्याचा अर्थ. लहानपणी मीही ओरडत गेलो आहे. जवळच्या शहरानं आपला कचरा आमच्या शिवारात टाकायचं ठरवलं, तेव्हा मला सगळ्यात आधी ती मारबत आठवली.

शहराचं म्हणणं थोडक्यात असं: हद्दीत जागा उरली नाही, जुना ढीग भरला आहे, आणि तुमच्या गावची ई-क्लास जमीन पडीक आहे. गुरं चारायच्या जमिनीला पडीक म्हणणं मला पटत नाही, पण तो वाद वेगळा. इथं मला जमिनीच्या पोटाबद्दल बोलायचं आहे.

पाहणी करणारे लोक मे महिन्यात आले. ऊन ४५ अंशांच्या पुढं. जेसीबीनं तीन ठिकाणी माणूसभर खोल खड्डे केले. आधी काळी माती, मग पिवळट मुरूम, सगळं कोरडं ठाक. कागदावर पाणी लागलं नाही अशी नोंद झाली. माझे मोठेबाबा खड्ड्याच्या काठावर उभे होते. ते एवढंच म्हणाले, “साहेब, पोळ्याले या. मंग सांगतो पाणी कुठं लागते ते.”

त्यांचं म्हणणं आणि केंद्र सरकारचा २०१६ चा नियम एकच होता. घनकचरा व्यवस्थापनाच्या त्या नियमांत लिहिलं होतं की कचरा पुरायच्या जागी तळाच्या चिकणमातीच्या थराखाली किमान २ मीटरपर्यंत भूजल नसावं, आणि ही पातळी वर्षातली सगळ्यात उंच धरायची. उन्हाळ्यातली नाही. आमच्याकडे ती उंच पातळी भादव्यात येते.

पश्चिम विदर्भाच्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे. लाव्हा थंड होताना त्याला तडे गेले. वरचा भाग हजारो वर्षं कुजून मुरूम झाला, खाली अखंड खडक राहिला. पावसाचं पाणी मुरमात शिरतं, खडकापाशी अडतं आणि मग त्या सांध्यावरून, तड्यांतून उताराकडे सरकतं. आपल्या विहिरींचे झरे बहुतेक याच सांध्यावर असतात. ही टाकी उथळ असल्यामुळे ती चार महिन्यांत तुडुंब भरते आणि फाल्गुनापासून रिती व्हायला लागते. आमच्या वावरातल्या विहिरीत मे महिन्यात तळाचा दगड दिसतो. पोळ्यानंतर त्याच विहिरीत काठावर ओणवं होऊन हातानं बादली भरता येते.

आता हिशेब करा. पावसाळ्यात पाणी जमिनीखाली २ मीटरवर आलं, तर त्या नियमाप्रमाणे चिकणमातीचा तळ जमिनीच्या पातळीवरच ठेवावा लागेल. म्हणजे खड्डा खणायला जागाच नाही. तरी खणलाच, तर भरलेलं भूजल खालून वर रेटा देतं आणि अंथरलेलं प्लास्टिक उचलून धरतं.

ते प्लास्टिक आणि खालची माती या दोघांवर सगळी भिस्त आहे. तोच नियम १.५ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर मागत होता, आणि त्याखाली ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती. तिच्यातून पाणी किती हळू झिरपावं, हेही ठरवलेलं होतं. गणित केलं तर वर्षाला जेमतेम ३ सेंटिमीटर पाण्याचा थर आरपार जाईल, इतपत. नीट बांधलं तर हे साधतं.

शहराकडून ऐकायला मिळतं की तुमच्या भागात तर काळी मातीच आहे, निसर्गानंच अस्तर अंथरलंय. यात अर्धं खरं आहे. काळ्या जमिनीतल्या मातीच्या कणांना अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर होतात, माती फुगते आणि भोकं बुजतात. घरी करून बघा. स्टीलच्या वाटीला तळाशी खिळ्यानं चार भोकं पाडा, काळी माती पाण्यात मळून जाड लिंपा, वर पाणी ओता. पाणी तसंच उभं राहतं. मग तीच वाटी दोन-तीन दिवस चैत्राच्या उन्हात ठेवा. माती कडा सोडते, मधून तडकते. आता ओतलेलं पाणी सरळ खाली जातं. काही वेळानं माती पुन्हा फुगेल, भेगा मिटतील, पण तोवर जायचं ते गेलेलं असतं. वैशाखात ज्यानं आपल्या वावरातल्या भेगेत कोपरापर्यंत हात घातला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. रस्ते बांधणारे इंजिनिअर काळ्या मातीची एक सोपी चाचणी करतात. दोन नळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम माती घेतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल ओतून २४ तास ठेवतात. पाण्यातली माती फुगून वर येते, रॉकेलमधली बसून राहते. म्हणजे फुगणं हा मातीचा एकटीचा गुण नाही, ते तिला काय पाजलं त्यावरही ठरतं. कचऱ्यातून गळणारं पाणी साधं पाणी नसतं. त्यात क्षार असतात, कुजण्यातून आलेली आम्लं असतात, बॅटऱ्या आणि रंगांच्या डब्यांतले धातू असतात. खारट पाण्यात हीच माती कमी फुगते. म्हणून चाचणी साध्या पाण्यावर घेऊन पुरत नाही, त्या काळ्या पाण्यावरही घ्यायला हवी.

आणि ते पाणी थोडंथोडकं नसतं. विदर्भात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस धरा. एका हेक्टरवर तो पडला, तर १ कोटी लिटर पाणी होतं. १० हजार लिटरचे एक हजार टँकर. त्यातलं पाव पाणी जरी उघड्या कचऱ्यात मुरलं, तरी हेक्टरी अडीचशे टँकर काळं पाणी दरवर्षी कुठंतरी जाणार. अस्तरावरून गोळा करून शुद्ध केलं तर ठीक. नाही तर नाला आहेच. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात पोचतं. पाण्याला महानगरपालिकेची हद्द अडवत नाही.

वासाबद्दल, धुराबद्दल लोक जास्त बोलतात. ते दुःख खरंच आहे. ढिगाच्या पोटात हवा नसताना ओला कचरा कुजतो आणि मिथेन तयार होतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आलं की ठिणगी पुरते. मुंबईच्या देवनारचा ढीग १९२७ पासूनचा, तो २०१६ च्या जानेवारीत कित्येक दिवस धुमसत होता. पण आमच्याकडच्या कास्तकाराला आणखी एक भीती आहे, जी शहरातल्या बैठकीत कुणी काढत नाही. ढिगावरून वाऱ्यानं उडालेल्या पन्नीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीच्या, चिंध्या पऱ्हाटीला लटकतात. फुटलेल्या बोंडात ती चिंधी अडकली, वेचताना कापसात गेली, की सुतात आणि कापडात तिचा डाग उतरतो. तिला रंग धरत नाही. म्हणून गिरणीला असा कापूस नको असतो, आणि त्याचा भाव पाडला जातो. घामाचा पैसा एका पन्नीपायी जातो, हे मला सहन होत नाही.

मग शहरानं कचरा टाकायचाच नाही का? टाकावा लागेल, थोडा. त्याच २०१६ च्या नियमांप्रमाणे पुरायचा होता तो फक्त कुजत नाही, जळत नाही आणि पुन्हा वापरता येत नाही असा गाळ. किलोमागे १,५०० किलोकॅलरींपेक्षा जास्त उष्णता देणारा कचरा तर पुरायचाच नव्हता. आपल्या शहरांच्या कचऱ्यात जवळपास निम्मा भाजीपाला आणि शिळं अन्न असतं. तो निम्मा भाग घराच्या दारातच वेगळा झाला तर त्याचं खत होतं, गॅस होतो, आणि ढिगात काळं पाणी व मिथेन तयार करणारा मालच उरत नाही. मागितलेल्या जागेचा आकार यावरच ठरतो. ओला-सुका वेगळा न करता जे शहर पन्नास एकर मागतं, ते पुढच्या वीस वर्षांचा आळस आपल्या शिवारात साठवायला मागतं, असं मी स्पष्ट म्हणेन. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला, तेव्हा तिथल्या लोकांना हेच भोगावं लागलं. विहिरी नासल्या म्हणून त्यांना वर्षानुवर्षं गाड्या अडवाव्या लागल्या.

आमच्या जागेसाठी जनसुनावणी व्हायची आहे. ओरडून उपयोग नाही, आकडे लागतील. म्हणून गेल्या पोळ्यापासून ई-क्लासच्या चारही बाजूंच्या विहिरी आम्ही मोजतो. सुतळीला दगड बांधायचा, काठापासून पाण्यापर्यंत सोडायचा, भिजलेल्या टोकापाशी गाठ मारायची आणि टेपनं मोजून वहीत तारखेसह लिहायचं. दर अमावस्येला. लिहायचं काम सातवीतल्या एका पोरीकडे आहे, कारण तिचं अक्षर सगळ्यांत नीट आहे. मोठेबाबा सुतळी धरतात. मे महिन्याच्या पानावर दोन विहिरींपुढं तिनं ‘दगड कोरडा’ असं लिहिलं आहे, आणि त्याच विहिरींपुढं भादव्याच्या पानावर ‘सुतळी हातभर’.