कच्चा टाका (यंत्रावरील रजईकाम)

कच्चा टाका : रजईचे दर्शनी कापड, मधले भरण आणि खालचे अस्तर हे तीन थर शिवणयंत्राखाली सरकू नयेत म्हणून ते आधी तात्पुरते एकत्र टाचून घेण्याची क्रिया. त्यासाठी दोरा, सेफ्टी पिना किंवा कापडावर फवारायचा गोंद वापरतात.

शिवणयंत्राचे दाते फक्त तळाचे कापड पुढे ओढतात. वरचे कापड दाबाखाली घासत मागे रेंगाळते. परकर-पोलक्याच्या शिलाईत हा फरक जाणवत नाही, पण मध्ये फुगीर भरण आले की तो ओळीगणिक साठत जातो आणि दोन शिलाया एकमेकींना छेदतात तेथे चुणी पडते. वरचा थरही ओढणारा ‘वॉकिंग फूट’ लावल्याने हा दोष कमी होतो, मात्र टाचण्याची गरज त्यामुळे संपत नाही.

अस्तर चारही बाजूंनी सुमारे 10 सेंमी. मोठे कापून, उलटी बाजू वर ठेवून, मास्किंग टेपने फरशीला चिकटवतात. ते सपाट हवे, ताणलेले नको. ताणलेले अस्तर टेप काढताच आखडते आणि चुण्या नेमक्या पाठीमागे, नजरेआड पडतात. त्यावर भरण व दर्शनी कापड पसरून हाताने मध्यापासून कडांकडे सपाट करतात आणि त्याच क्रमाने पिना टोचतात. मूठ कुठेही टेकवली तरी एखादी पिन हाताला लागावी, इतक्या त्या जवळ हव्यात. सगळ्या पिना टोचून झाल्यावरच त्या बंद करणे बरे, कारण एकेक बंद करताना कापड उचलले जाते.

हाताने रजई शिवताना टाचायला दोराच सोयीचा असतो. यंत्रावर मात्र पक्की शिलाई त्याच्यावरूनच जाते आणि मग तो उसवताना जीव मेटाकुटीला येतो. पिना सुई जवळ येताच काढता येतात. गोंद फवारताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तिन्ही थर रुळांवर ताणून धरणाऱ्या ‘लाँगआर्म’ यंत्रावर ही पायरी बहुधा गाळली जाते.

अमेरिकेत यंत्रावरील रजईकामाला प्रतिष्ठा उशिरा मिळाली. केंटकीतील पदुका येथील प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरलेली पहिली यंत्राने शिवलेली रजई कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांची होती (1989).

महाराष्ट्रातील गोधडीत किंवा वाकळेत जुन्या लुगड्यांच्या थरांवर हाताने घातलेला धावदोरा हीच पक्की शिलाई असते. तो उसवायचा नसतो. त्याच गोधड्या आता यंत्रावर शिवल्या जातात तेव्हा थर आधी टाचावे लागतात, आणि सिंथेटिक साड्या निसरड्या असल्याने त्यांना सुतीपेक्षा दाट पिना लागतात.