व्हायब्राफोनची देखभाल : आवाज बिघडला तर आधी कुठे पाहावं
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“आवाज बिघडलाय” म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या व्हायब्राफोनच्या, म्हणजे मॅलेटने (गोल डोक्याच्या काठीने) वाजवायच्या या वाद्याच्या, धातूच्या पट्ट्या बहुतेक वेळा ठणठणीत असतात. बिघाड निघतो नमद्यात (दाबलेल्या लोकरीच्या जाड थरात), दोरीत नाहीतर पंख्यात, आणि या तिन्ही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

नेहमीच्या व्हायब्राफोनला ३ सप्तकं आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या ३७ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीखाली तळाशी बंद असलेली नळी असते. ४४० हर्ट्झच्या ए स्वराला हवेचा सुमारे साडेएकोणीस सेंटिमीटरचा स्तंभ लागतो, सगळ्यांत खालच्या एफला जवळपास ४९. समोरून नळ्यांची जी सुंदर कमान दिसते, ती बऱ्याच वाद्यांत निव्वळ शोभेची असते. लांब दिसणाऱ्या नळीतही बूच आत, वरच्या बाजूलाच बसवलेलं असतं. नळ्या साफ करताना काठी घालून ते ढकललं, की तेवढा एकच स्वर दबका होतो.

पंखा

पंखा म्हणजे नळीच्या तोंडाशी मोटरने फिरणारी चकती. ती एका फेऱ्यात नळी दोनदा झाकते. म्हणजे सेकंदाला ३ फेरे झाले, तर आवाजाला ६ हेलकावे. स्वर यात वरखाली होत नाही, फक्त आवाज लहानमोठा होतो. जॅझ व्हायब्राफोनवादक मिल्ट जॅक्सनच्या वादनातला संथ हेलकावा हवा असेल, तर मोटर कमी वेगातही न अडखळता फिरायला हवी. अडखळत असेल तर आधी मोटरचा पट्टा सैल झालाय का ते पाहा. चकत्या बसवलेल्या दांड्याच्या टोकांना हलक्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. मात्र तेल पट्ट्याला लागलं की तो घसरतो.

व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टनपासून मोटर बंद ठेवून वाजवणारे वाढले. तसं वाजवताना चकत्या हाताने उभ्या करून ठेवा. “काळ्या पट्ट्यांची रांग अचानक बारीक वाजतेय” या (म्हणजे पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या स्वरांच्या रांगेबद्दलच्या) तक्रारीचं कारण बहुधा एवढंच असतं, की त्या रांगेच्या चकत्या आडव्या थांबलेल्या असतात आणि नळ्या झाकल्या जातात.

नमदा आणि पेडल

आमच्या मते वाद्याचा जीव इथे आहे. स्वर काढणं सोपं, तो हवा तिथे थांबवणं अवघड. दोन्ही रांगांच्या मधोमध एक नमदा लावलेली दांडी असते. स्प्रिंग ती पट्ट्यांच्या आतल्या टोकांवर खालून दाबून धरते आणि पेडल दाबलं की ती खाली जाते.

कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या. पेडल मोकळं ठेवून ती नमदा आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये सरकवा आणि हळूच ओढा. असं सगळ्या ३७ ठिकाणी करा. ओढताना लागणारा जोर सगळीकडे सारखा हवा. एका बाजूला कागद सहज निघत असेल, तर दांडी तिरकी झाली आहे; तिचे स्क्रू थोडे थोडे फिरवून ती समतल करा. एखाद्याच ठिकाणी निघत असेल, तर तिथला नमदा दबून टणक झालाय. आणि पाय उचलूनही सगळेच स्वर घुमत राहत असतील, तर पेडलला जोडणारी सळई आखूड पडून दांडीला खाली ओढतेय. ती जरा लांब करा. दांडी समतल नसली, तर अर्धं पेडल दाबून वाजवताना काही स्वर तुटतात, काही लोंबकळत राहतात. एकेक स्वर मॅलेटने दाबून थांबवायची सवय मात्र हातालाच लावावी लागते.

दोरी

पट्टीला दोरीसाठी दोन भोकं असतात, दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्के आत. तिथे पट्टी जवळजवळ हलत नाही, म्हणून तिथे आघात केला की आवाज मुका येतो. दोरी सैल पडली, की पट्टी दोरी धरणाऱ्या खुंटीच्या धातूला टेकते आणि झणझणते. नवी दोरी ओवताना जुनीच्या टोकाला जोडून ओढून घ्या, म्हणजे पट्ट्यांचा क्रम मोडत नाही. नायलॉनचं टोक आधी वितळवून टोकदार करा.

झणझण तरीही राहिली, तर तो स्वर वाजता ठेवून एकेका खुंटीला आणि चकतीला बोट लावा. बोट लावताच आवाज थांबला, की दोष तिथेच.

कमान आणि मींड

समकालीन रचनांत पट्टीच्या टोकावर चेलोची किंवा डबल बासची कमान (गज) उभी ओढतात. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राईशच्या १९८५च्या ‘सेक्स्टेट’मध्ये हे ऐकायला मिळतं. पेडल दाबलेलं हवं, कमानीला राळ भरपूर हवी. वाजवून झाल्यावर टोकावरची राळ लगेच मऊ कापडाने पुसा, नाहीतर ती चिकटून बसते. स्वर खाली वाकवायचा असेल, तर पट्टी वाजवून दुसरं टणक रबराचं मॅलेट दोरीच्या भोकाजवळ दाबा आणि मध्याकडे सरकवा. यासाठी पितळी मॅलेट नको, चरा पडतो.

पट्ट्यांना धातूची पॉलिश लावू नका, त्या घासूही नका. खालून मध्यभागी घासली तर स्वर उतरतो, टोकाकडे घासली तर चढतो, आणि गेलेला धातू परत येत नाही. वाद्य हलवताना चौकटीला धरून उचला, नळ्यांना नाही.