बिघाड ग्रंथीत, की तिला हुकूम सोडणाऱ्या मेंदूत?

थायरॉइडचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर थेट टीएसएचच्या आकड्याकडे जाते. तो साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान दिसला की विषय संपला. बहुतेक वेळा तो खरोखरच संपलेला असतो. पण समजा, टीएसएच आहे २.१ आणि माणसाला थंडी सोसवत नाही, आवाज घोगरा झालाय, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, बद्धकोष्ठाने जीव नकोसा केलाय. म्हणून फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, करून पाहिला, तर तो किमान मर्यादेच्या बराच खाली. दोन आकडे एकमेकांना खोटं पाडताहेत असं वाटतं, पण दोन्ही खरे आहेत. गोंधळ होतो तो टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक आहे या समजुतीमुळे. ते बनतं मेंदूच्या तळाशी, पिट्यूटरी ग्रंथीत, आणि थायरॉइडला कामाला लावतं. टी४ एवढा घसरल्यावर टीएसएच वीस-तीस, कधी शंभरच्याही वर जायला हवा होता. तो २.१ वर बसून राहिलाय, म्हणजे थायरॉइड धडधाकट असेल; तिला हाक मारणाराच गप्प झालाय.

ही पिट्यूटरी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची, वाटाण्याएवढी. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडातल्या एका खोबणीत ती बसलेली असते आणि बारीक देठाने वरच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाला जोडलेली असते. एका ग्रंथीत खरं तर दोन ग्रंथी आहेत, आणि त्यांचा जन्मही वेगळा. पुढचा भाग गर्भाच्या तोंडाच्या छतापासून तयार होतो. मागचा भाग मेंदूचाच खाली उतरलेला तुकडा आहे. मागच्या भागात स्वतःचं असं संप्रेरक काहीच बनत नाही. हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशींचे लांब तंतू देठातून खाली येतात आणि त्यांची टोकं ऑक्सिटोसिन आणि लघवी आटोक्यात ठेवणारं व्हॅसोप्रेसिन सरळ रक्तात सोडतात. पेशी चेतासंस्थेची, काम ग्रंथीचं.

पुढच्या भागाशी हायपोथॅलॅमसचं बोलणं रक्तातून चालतं. देठातल्या इवल्याशा रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्यातून त्याची संप्रेरकं काही मिलिमीटर खाली पोचतात. मात्रा इतकी नगण्य की त्यांपैकी पहिलं, पिट्यूटरीला टीएसएच सोडायला लावणारं टीआरएच, हाती लागायला संशोधकांना लाखो प्राण्यांचे हायपोथॅलॅमस गोळा करावे लागले: रॉजर गिलेमिन यांनी मेंढ्यांचे, अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे. १९६९ मध्ये उलगडा झाला तेव्हा तो रेणू फक्त तीन अमिनो आम्लांचा निघाला. दोघांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी उरलेला अर्धा मान रोझलिन यालो यांना मिळाला, रक्तातली संप्रेरकं मोजण्याच्या पद्धतीसाठी. ती पद्धत नसती तर टीएसएचचा आकडा कागदावर आलाच नसता.

तर उतरंड अशी: हायपोथॅलॅमस, पिट्यूटरी, मग ग्रंथी. ग्रंथीचं संप्रेरक पुरेसं झालं की ते वरच्या दोघांना आवरतं. कोणताही संप्रेरक-रिपोर्ट वाचताना म्हणून खालचा आणि वरचा असे दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात. खालचा कमी आणि वरचा चढलेला असेल, तर ग्रंथी थकली आहे. खालचा कमी आणि वरचाही कमी, किंवा वरकरणी नॉर्मल असेल, तर पिट्यूटरीकडे किंवा तिच्याही वर बघायचं. ग्रेव्ह्ज आजारात थायरॉइड मोकाट सुटते, टी४ वाढतो आणि टीएसएच ०.०१ च्या आसपास लोळण घेतो. सगळ्याच ग्रंथी या उतरंडीत नाहीत. थायरॉइडमागची पॅराथायरॉइड रक्तातलं कॅल्शियम स्वतः मोजते, स्वादुपिंडातल्या पेशी साखर मोजतात. पिट्यूटरीला त्यात विचारत नाहीत.

रिपोर्ट वाचण्यात आणखी एक गफलत होते. टी४ ला रक्तातून अर्धं व्हायला साधारण सात दिवस लागतात. गोळीचा डोस बदलून दहा दिवसांत टीएसएच करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ६ ते ८ आठवडे थांबायला हवं. गोळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यायची आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांपासून ४ तास लांब ठेवायची, कारण ती त्यांना आतड्यातच चिकटते आणि बाहेर पडते. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या किमान दोन दिवस आधी डॉक्टरांना सांगून थांबवाव्यात. काही यंत्रांत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे हुबेहूब ग्रेव्ह्जसारखा.

आता त्या २.१ वाल्या रुग्णाकडे. टी४ कमी आहे, मग थायरॉइडची गोळी सुरू करून टाकू, असा मोह होतो. तो धोक्याचा. पिट्यूटरी टीएसएच देत नसेल तर मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथीला कामाला लावणारं एसीटीएचही देत नसण्याची शक्यता असते आणि मग ॲड्रेनलचं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही कमी असतं. थायरॉइडची गोळी शरीराचा वेग वाढवते, असलेलं कॉर्टिसॉलही भराभर संपवते, आणि माणूस रक्तदाब कोसळून अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणून आधी सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसॉल. डेसिलिटरमागे ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की. १५ ते १८ च्या वर असेल तर बहुधा नाही. मधल्या आकड्यांसाठी कृत्रिम एसीटीएचचं २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देऊन ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा मोजतात. कमतरता ठरली तर आधी कॉर्टिसॉलची उणीव भरणारं हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉइडची गोळी नंतर. हा क्रम उलटा चालत नाही.

पिट्यूटरी गप्प का होते? एक कारण बाळंतपणातलं. गरोदरपणात ती आकाराने वाढते, तिला रक्त जास्त लागतं. अशात प्रसूतीवेळी प्रचंड रक्तस्राव झाला तर तिच्या पेशी मरतात. पहिली खूण म्हणजे बाळंतिणीला दूधच येत नाही. मग पाळी परत येत नाही, काखेतले केस झडतात, थकवा जात नाही. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचं वर्णन केलं. निदानाला आजही कित्येकदा वर्षं लागतात, कारण दहा वर्षांनी आलेल्या थकव्याचा संबंध त्या प्रसूतीशी कुणी जोडत नाही. ‘बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं का, अंगावर दूध आलं होतं का?’ हे दोन प्रश्न इथे एमआरआयच्या आधी विचारायचे.

दुसरं कारण गाठ. पिट्यूटरीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. गाठ वर सरकली की दोन्ही बाजूंची कडेची नजर जाते. समोरचं नीट दिसतं, पण माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. अशा गाठींत प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक सोडणाऱ्या गाठी बऱ्याच असतात आणि त्यांची गंमत अशी की त्या बहुधा ऑपरेशनशिवाय आकसतात. प्रोलॅक्टिनला मेंदूतलं डोपामिन कायम दाबून धरत असतं, म्हणून डोपामिनची नक्कल करणारी कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून दोनदा दिली की काम होतं. नाण्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. डोपामिनला अडवणारी औषधं, म्हणजे उलटीवरची डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड किंवा मनोविकारावरची काही, प्रोलॅक्टिन वाढवतात. प्रोलॅक्टिन ६० आलं म्हणून धास्तावण्याआधी औषधांची यादी आणि टीएसएच पाहावं. मिलिलिटरमागे २०० नॅनोग्रॅमच्या वर गेलं तर मात्र गाठीचीच शंका जास्त.

तिसरं कारण सगळ्यांत जास्त आढळणारं, आणि ते औषधाच्या डब्यात असतं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन-चार आठवड्यांच्या वर घेतलं की पिट्यूटरीला वाटतं, कॉर्टिसॉल भरपूर आहे. ती एसीटीएच थांबवते, ॲड्रेनल सुकत जाते. मग ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी एकदम बंद केली की अंगात ना बाहेरचं स्टिरॉइड ना घरचं. सांध्यात दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शनं, तीव्र मलमं, जास्त डोसचे इनहेलर यांनीही हे होऊ शकतं. डोस पायरीपायरीने कमी करायचा तो यासाठी. या काळात ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस दुप्पट करतात. उलट्यांनी गोळी पोटात ठरत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं, आणि लगेच लागतं.

ॲड्रेनल स्वतःच नष्ट झाली तर तो ॲडिसनचा आजार. थॉमस ॲडिसन यांनी तो १८५५ मध्ये नोंदवला. इथे बिघाडाची जागा कातडीवरच लिहिलेली सापडते. ॲड्रेनल मेलेली असते, म्हणून पिट्यूटरी एसीटीएचचा मारा करते आणि त्याने त्वचेतलं रंगद्रव्य वाढतं: तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळपट होतात. बिघाड पिट्यूटरीत असेल तर असं काळवंडणं नाही. शिवाय मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावर चालतं, पिट्यूटरीच्या नव्हे, म्हणून पोटॅशियम वाढतं ते फक्त ॲडिसनमध्ये.

ॲड्रेनलचा गाभा ही तर आणखी मजेची चीज. आपोआप चालणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेत मज्जारज्जूतून निघालेला तंतू वाटेत चेतापेशींच्या एका पुंजक्यात थांबतो आणि तिथून दुसरी चेतापेशी अवयवापर्यंत जाते. ॲड्रेनलच्या गाभ्यात पहिला तंतू थेट पोचतो. तिथल्या पेशी म्हणजे तंतू न फुटलेल्या चेतापेशीच. अवयवापर्यंत जाण्याऐवजी त्या आपलं ॲड्रेनलिन रक्तात ओततात. म्हणून भीतीने काळजात धस्स होतं ते क्षणात, पण धडधड मात्र नंतरही काही मिनिटं रेंगाळते.

याच ॲड्रेनलिनवर मधुमेहींचा जीव अवलंबून असतो. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. ही सगळी ॲड्रेनलिनची आणि धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या सिंपथेटिक नसांची ओरड. ५४ च्या खाली मेंदूच उपाशी पडतो: बोलणं अडखळतं, माणूस चिडतो, बरळतो, दारू प्यायल्यासारखा वागतो. उपाय ठरलेला आहे. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी, अजून कमी असेल तर परत तेवढीच. चॉकलेट नको, त्यातली चरबी साखरेला पोटात अडकवून ठेवते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन किंवा शिरेतून ग्लुकोज. साखर वारंवार उतरत राहिली तर ही ओरड हळूहळू बंद पडते आणि माणूस थरथर न होताच थेट बरळू लागतो. रक्तदाब-हृदयासाठीच्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी धडधड आणि थरथर झाकली जाते, पण घाम झाकला जात नाही, कारण घामाच्या ग्रंथींना हुकूम ॲसिटिलकोलिन या वेगळ्या रसायनाचा असतो. त्या गोळ्या घेणाऱ्याने अवेळी फुटलेल्या घामाला साखर मोजूनच उत्तर द्यावं.

जास्त साखर नसांना खाते, पण सगळ्यांना सारखी नाही. कमरेतल्या पेशीपासून पायाच्या बोटापर्यंतचा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो आणि त्या सगळ्या लांबीला रसद एकाच पेशीकडून जाते. सगळ्यांत दूरचं टोक आधी उपाशी पडतं. म्हणून मुंग्या-जळजळ दोन्ही पायांच्या बोटांत सुरू होते, मोजे घातल्यासारखी वर चढते आणि गुडघ्याजवळ आली की हातांची बोटं धरते. सुरुवातीला बारीक तंतू बिघडतात. नसांची विद्युत तपासणी जाड तंतूंचीच असते, त्यामुळे तळपाय रात्रभर पेटलेले असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. पायाची खरी परीक्षा स्वस्त आहे: १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आणि १२८ हर्ट्झचा कंपनकाटा. धागा टेकवलेला कळत नसेल, तर चपलेतला खडाही कळणार नाही.

हा नमुना मोडला की मधुमेहावर खापर फोडायचं थांबवावं. मधुमेहावरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ मोजावं. त्याची कमतरता अगदी अशाच मुंग्या आणते आणि ती भरून काढता येते. फक्त हाताच्या पहिल्या तीन बोटांत, रात्री जास्त मुंग्या येत असतील तर मनगटात नस दबलेली असते, आणि त्यामागे कमी चालणारी थायरॉइड असू शकते. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडली, तर पॅराथायरॉइडला धक्का लागून कॅल्शियम उतरलेलं असतं. कॅल्शियम कमी झालं की चेतातंतू उगाचच पेटतात. आणि मुंग्यांपेक्षा अशक्तपणा जास्त असेल, तो काही दिवसांत पायांतून वर चढत असेल, गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडत नसेल, तर तो बहुधा गियाँ-बारे. त्यात प्रतिकारशक्ती नसांवरच उलटते. श्वासाचे स्नायू कधीही दगा देऊ शकतात, म्हणून साखर मोजत घरी न बसता व्हेंटिलेटरची सोय असलेलं रुग्णालय त्याच दिवशी गाठायचं.