पाळक आणि रुग्णालयातील चॅप्लेन: माणूस एक, कामे दोन

अमेरिकेतील एखाद्या रुग्णालयात मराठी घरातील आजोबा दाखल असतात. दुसऱ्या दिवशी दारावर हलकी टकटक होते आणि गळ्यात रुग्णालयाचे ओळखपत्र घातलेला एक गृहस्थ 'मी इथला चॅप्लेन', म्हणजे रुग्णांना मानसिक-आध्यात्मिक आधार देणारा रुग्णालयाचा कर्मचारी, म्हणून आत येतो. घरच्यांच्या मनात त्या क्षणी दोन शंका येतात. डॉक्टरांनी आशा सोडली की काय, आणि हे पाद्री आता आपला धर्म सांगू लागणार की काय. दोन्ही शंका चॅप्लेनला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, समजल्यामुळे येतात. त्यात घरच्यांचा दोष नाही, कारण पुष्कळदा तो माणूस खरोखरच पाळक असतो: केरळ, नागालँड, कोरिया किंवा घाना येथून आलेला, रविवारी आपल्या भाषेच्या मंडळीची (चर्चच्या सभासदांची) उपासना चालवणारा आणि इतर दिवशी रुग्णालयात नोकरी करणारा.

पाळक हा मंडळीचा असतो. मराठी ख्रिस्ती घरांत त्याला 'पाळकसाहेब' म्हणतात, आणि त्या संबोधनात आदराइतकाच हक्कही असतो. मंडळी त्याला बोलावते, त्याच्या निर्वाहाची सोय करते, आणि बाप्तिस्मा, लग्न, प्रभुभोजन, अंत्यविधी यांसाठी त्याच्याकडेच जाते. त्याने बायबलचे वचन शिकवावे, चुकल्यास कान धरावा, अशी तिची अपेक्षा असते. परदेशातील मंडळीत या कामाला आणखी फाटे फुटतात. नव्याने आलेल्या कुटुंबाला विमानतळावरून आणणे, भाड्याचे घर शोधून देणे, मुलांच्या शाळेत सोबत जाणे, हेही त्याच्याच वाट्याला येते.

चॅप्लेनला रुग्णाने निवडलेले नसते, आणि माझ्या मते दोघांतील सारा फरक येथून सुरू होतो. तो ज्या खोलीत जातो तेथील माणूस हिंदू असेल, मुसलमान असेल, देव न मानणारा असेल, किंवा चर्चमध्ये दुखावला जाऊन कायमचा बाहेर पडलेला ख्रिस्ती असेल. रुग्ण 'नको' म्हणाला, तर त्या शब्दाचा मान राखून बाहेर पडणे हादेखील त्याच्या कामाचाच भाग असतो. आपल्या धर्माचा प्रचार करण्यास त्याला व्यावसायिक आचारसंहितेनेच मनाई आहे. शेवटची घटका जवळ आल्यावरच तो येतो असेही नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी किंवा अकाली जन्मलेल्या बाळाच्या आईजवळ बसण्यासाठीही त्याला बोलावले जाते.

या कामाच्या आजच्या प्रशिक्षणाचा उगम मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात आहे. अँटन बॉयसन हे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक 1920 मध्ये स्वतः तीव्र मानसिक आजाराने रुग्णालयात होते. बरे झाल्यावर ते वुस्टरला चॅप्लेन झाले आणि 1925 च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये आणून शिकवण्यास सुरुवात केली. ग्रंथ वाचावा तितक्या काळजीने दुःखात असलेला माणूस वाचता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे सीपीई (क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन) या नावाने रूढ झालेल्या या शिक्षणाचे एक युनिट किमान 400 तासांचे असते, आणि प्रमाणित चॅप्लेन होण्यासाठी सामान्यतः अशी चार युनिटे लागतात.

स्थलांतरित पाळकाची खरी कसोटी या प्रशिक्षणात लागते. विद्यार्थ्याने रुग्णाशी झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहून काढायचे आणि ते गटासमोर वाचायचे असते. समजा, रुग्ण म्हणाला, 'काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही', आणि पाळकाने लगेच उत्तर दिले, 'देव आपल्याबरोबर आहे, आपण प्रार्थना करू.' गट विचारतो: त्याने प्रार्थना मागितली होती का? रात्रभर त्याला कशाची भीती वाटत होती, हे तुम्ही विचारले का? ज्या समाजात पाळक घरात पाऊल टाकताच सगळे डोळे मिटून हात जोडतात, तेथून आलेल्या, वीस-पंचवीस वर्षे सेवा केलेल्या माणसाला हे प्रश्न फार लागतात. त्याची प्रार्थना चुकीची नसते. मंडळीत ती मायेने केलेली सेवा ठरते, पण अनोळखी रुग्णाच्या खाटेशी तीच प्रार्थना त्याचे बोलणे अर्ध्यावर तोडते.

विधींच्या बाबतीतही सीमा स्पष्ट आहेत. कॅथलिक रुग्णाला आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (धर्मगुरूने तेल लावून करायचा विधी) हवा असेल, तर प्रोटेस्टंट चॅप्लेन तो देऊ शकत नाही. तो फादरना बोलावतो. हिंदू रुग्णासाठी गंगाजल आणि तुळशीपत्र हवे असेल, तर रुग्णाला पाणी गिळता येईल का, हे तो आधी नर्सला विचारतो. प्राणवायू चालू असताना समई लावता येत नाही, म्हणून बॅटरीवरचा दिवा शोधून आणतो.

कायदाही दोघांना वेगळे मानतो. रुग्णाची हरकत नसेल, तर भेटीस आलेल्या पाळकाला रुग्णालय नाव, खोली, सर्वसाधारण प्रकृती आणि धर्म एवढेच सांगू शकते. चॅप्लेन उपचार करणाऱ्या चमूचा भाग असल्यामुळे कामापुरती वैद्यकीय नोंद वाचतो आणि आपल्या भेटीची नोंदही तेथे करतो. धार्मिक सेवकांसाठीच्या आर-1 व्हिसावर आलेल्या पाळकाला तर, ज्या संस्थेने अर्ज केला तिच्याखेरीज दुसऱ्या संस्थेची नोकरी, तिच्या स्वतंत्र अर्जाला मंजुरी मिळाल्याशिवाय धरता येत नाही. असे असूनही चॅप्लेनचे चर्चशी नाते तुटत नाही, कारण प्रमाणपत्रासाठी त्याला सामान्यतः आपल्या धर्मसंस्थेचे अनुमोदन लागते.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो त्याच्याच मंडळीतील एखादी स्त्री त्याच्याच रुग्णालयात दाखल होते तेव्हा. ती त्याला पाळकसाहेब म्हणूनच हाक मारते, आणि तो मात्र कामावर असतो. अशा वेळी आपण आज कोणत्या नात्याने आलो आहोत हे त्याला तिला सुरुवातीलाच सांगावे लागते. रविवारी व्यासपीठावरून आजाऱ्यांची नावे प्रार्थनेसाठी वाचताना, तिने स्वतः सांगितल्याखेरीज, तिचे नाव त्याला घेता येत नाही.